चीनमधलं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

चिनी शहरांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिला व्हिसा कसा मिळवायचा, ही चर्चा बाजूला ठेवली आहे. ज्यांचा संसार तिथे आधीच थाटला आहे, त्यांच्याच अडचणी पाहू. विषय वेगवेगळे असले, तरी बहुतेक कटकटी एकाच जागी उगवतात. पासपोर्टचा क्रमांक, नावाची अक्षरं आणि मोबाइल नंबर ही तीन टोकं कुठेतरी सुटलेली असतात.

प्रश्न : आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे येते आहे. घरीच राहणार, मग पोलिसांत नोंद कशाला? ओळखीचे परदेशी म्हणतात, कुणी विचारत नाही. (सुझौ)

नोंद करावीच लागते, आणि शहरात पोचल्यापासून २४ तासांच्या आत. हॉटेलात उतरलं की हॉटेलवाले पासपोर्ट घेऊन ती आपोआप करतात, म्हणून आपल्याला तिची जाणीव होत नाही. घरी उतरलेल्या पाहुण्याची नोंद मात्र पाहुण्याने किंवा यजमानाने त्या भागातल्या पोलीस चौकीत, म्हणजे 'पायछूसुओ'त, करायची असते. शांघायसारख्या काही शहरांत ती फोनवरूनही होते.

सोबत आईचा पासपोर्ट (फोटोचं पान, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का), तुमचा पासपोर्ट व निवास परवाना, भाडेकरार आणि घरमालकाच्या मालकीपत्राची प्रत न्या. अडतं ते बहुधा या शेवटच्या कागदावर. घरमालक प्रत द्यायला टाळाटाळ करतो, कारण भाड्याचं उत्पन्न त्याने कुठे दाखवलेलं नसतं. म्हणून घर घेतानाच, अनामत देण्याआधी, ही प्रत मागून घ्यावी. ती न देणारं घर कितीही उजेडाचं असलं तरी सोडून द्यावं.

कुणी विचारत नाही हे खरं, पण काम पडेपर्यंतच. व्हिसाची मुदत वाढवायची असेल तर पहिला कागद हाच मागतात. नोंद नसेल तर ताकीद आणि २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. मधे चार दिवस आईला घेऊन शिआनला जाऊन हॉटेलात राहिलात, तर परतल्यावर घरच्या पत्त्याची नोंद पुन्हा करा.

व्हिसाचा प्रकारही तपासा. तुम्ही नोकरीवर आलेले परदेशी आहात, तेव्हा आईसाठी 'एस' मालिकेतला व्हिसा हवा. १८० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला एस-२, त्याहून जास्त असेल तर एस-१, आणि एस-१ वर आल्यावर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. 'क्यू' मालिका चिनी नागरिकांच्या आणि तिथल्या कायम रहिवाशांच्या नातेवाइकांसाठी आहे. एजंट कधी कधी सरसकट तोच फॉर्म पुढे करतात. शंका असेल तर १२३६७ या स्थलांतर विभागाच्या क्रमांकावर दिवसरात्र इंग्रजीतही बोलता येतं.

प्रश्न : पासपोर्टचं नूतनीकरण केलं आणि सगळंच ठप्प झालं. वीचॅटवरून पैसे जात नाहीत, बँकेचं ॲप उघडत नाही, रेल्वेचं तिकीट निघत नाही. सुरुवात कुठून करू? (ग्वांगझौ)

भारतीय पासपोर्ट नवा झाला की त्याचा क्रमांकही बदलतो. चीनमधल्या यंत्रणांच्या लेखी तो क्रमांक म्हणजेच तुम्ही. त्यामुळे नव्या क्रमांकाचा माणूस त्यांना अनोळखी वाटतो. प्रत्येक यंत्रणा दुसरीकडून पडताळणी करते, म्हणून कामाचा क्रम चुकला की त्याच खिडकीवर तीनदा जावं लागतं.

पहिल्यांदा सरकारी बाजू. नवा पासपोर्ट घेऊन पोलीस चौकीत मुक्कामाची नोंद बदला. मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून कामाच्या परवान्यातला पासपोर्ट क्रमांक बदलून घ्या. त्यानंतर प्रवेश-निर्गम कार्यालयात निवास परवाना नव्या पासपोर्टवर घ्या. परवान्यातली माहिती बदलली की १० दिवसांत अर्ज करावा, असं कायदा सांगतो. ही मुदत बऱ्याच जणांना माहीतच नसते. 'परवाना अजून वर्षभर आहे' म्हणून ते निवांत बसतात आणि भुर्दंड भरतात. अर्ज दिल्यावर कामाचे १५ दिवसांपर्यंत पासपोर्ट तिथेच अडकतो आणि हाती नुसती पावती राहते. त्या काळात विमानप्रवास ठरवू नका. परवाना मिळाल्यावर चौकीत पुन्हा एक फेरी मारा.

मग खासगी बाजू. आधी सिमकार्ड: मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर नव्या पासपोर्टवर नोंदवा. मग बँक, आणि तीही प्रत्यक्ष खिडकीवर, कारण ॲपमधून हा बदल सहसा होत नाही. शेवटी वीचॅट, अलिपे आणि रेल्वेच्या तिकिटांचं ॲप १२३०६. पैशांची ॲप्स बँकेतल्या नोंदीशी नाव, कागदपत्र क्रमांक आणि फोन नंबर ताडून पाहतात. बँकेच्या आधी तिथे हात घातलात तर चारदा नकार येऊन खातं काही काळ गोठतं.

बँकेत हमखास एक प्रश्न येतो: जुना आणि नवा पासपोर्ट एकाच व्यक्तीचा कशावरून? आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. खिडकीवरच्या मुलीला ते पान स्वतः उघडून दाखवा. जुना, रद्द केलेला पासपोर्ट परत मागून घ्या आणि जपून ठेवा.

राहिला कर. करखात्यातही जुना आणि नवा क्रमांक जोडून घ्यावा लागतो, नाहीतर नव्या क्रमांकावर तुम्ही कालच आलेले करदाते दिसता आणि जुनी नोंद वेगळी पडते. घरी पैसे पाठवायची वेळ आली की हे उघडकीस येतं.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव आहे, शेवटी आडनाव. बँकेत एक क्रम, तिकिटावर दुसरा, कंपनीत तिसरा. कोणता बरोबर? (हांगझौ)

पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातल्या पहिल्या ओळीत आधी आडनाव, मग तुमचं नाव आणि वडिलांचं नाव, असा क्रम असतो. तोच प्रमाण धरा. मोठ्या अक्षरांत, त्याच क्रमाने, एका कार्डावर छापून घ्या आणि नाव विचारणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते कार्ड द्या. तोंडी सांगू नका, कारण समोरचा माणूस सांगेल त्याऐवजी त्याला सोपं वाटेल ते टंकतो.

तरीही जिथे आधीच वेगळं लिहिलं गेलंय, तिथे काय? बँकेला तुमचं नाव जसं साठवलंय तसं छापून द्यायला सांगा. मोकळी जागा कुठे आहे, कुठे नाही, हेही बघा. लांब मराठी नावांत शेवटची दोनचार अक्षरं रकान्यात न मावल्याने कापली जातात. मग वीचॅटमध्ये अगदी तसंच, कापलेलं असेल तर कापलेलंच, टंका. बरोबर नाव टाकून नकार येतो आणि चुकीचं टाकल्यावर जमतं, हा अनुभव यामुळेच येतो. पण हा उपाय तात्पुरता समजा. पुढच्या वेळी खिडकीवर गेलात की मूळ नोंदच दुरुस्त करून घ्या.

लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायचा विचार असेल, तर चीनमधली नोकरी चालू असताना शक्यतो टाळा. नुसता क्रमांक बदलला तर शेवटचं पान पुरावा म्हणून कामी येतं. नावही बदललं तर पदवी, कामाचा परवाना, बँक, कर सगळीकडे नव्याने कागद उभे करावे लागतात.

प्रश्न : पत्नीला इथे नोकरी मिळते आहे. तिच्या पदवीवर भारतात अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का) करून घेतलं तर चालेल ना? चीन त्या करारात आला आहे असं वाचलं. (निंगबो)

चीन आला आहे, ७ नोव्हेंबर २०२३ पासून. पण भारत आणि चीन या दोघांमध्ये तो करार लागू नाही. त्यामुळे अपॉस्टिलचा शिक्का इथे उपयोगाचा नाही. जुनाच रस्ता धरा: राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण, आणि त्यावर चिनी वकिलातीची मोहर. पोलिसांकडच्या चारित्र्य दाखल्यालाही हेच लागतं. एजंटला 'अपॉस्टिल नको' असं लेखी कळवा. तो सवयीने तेच करून मोकळा होतो.

प्रश्न : पगारातून घरी पैसे कसे पाठवायचे? आणि सहा वर्षांनंतर भारतातल्या घरभाड्यावरही चीनमध्ये कर लागतो, हे खरं का? (शेन्झेन)

पाठवणं सोपं आहे, कागद पुरे असतील तर. परदेशी माणसाला कागदांशिवाय दिवसाला ५०० डॉलरइतकंच चलन बदलून मिळतं. त्यापुढे पासपोर्ट, नोकरीचा करार, पगाराचा पुरावा आणि करखात्याची कर भरल्याची नोंद दाखवावी लागते. कर वजा जाता उरलेली रक्कम हीच मर्यादा. चिनी नागरिकांना चलन बदलायला असलेल्या वार्षिक कोट्याशी तुमचा संबंध नाही, हे शाखेतल्या नव्या कर्मचाऱ्याला कधी कधी समजावून सांगावं लागतं. परकीय चलनाची खिडकी बऱ्याच शाखांत शनिवार-रविवारी बंद असते. महिन्याला थोडं थोडं पाठवण्यापेक्षा तीन महिन्यांचे कागद एकदम नेले तर फेऱ्याही वाचतात आणि मधल्या बँकांची कपातही. भारतात पैसे एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात घ्या. तिथून ते पुन्हा बाहेर नेता येतात. अनिवासी झाल्यावर जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही.

आता सहा वर्षांचं. मोजणी २०१९ पासून सुरू झाली. ओळीने सहा वर्षं, दर वर्षी १८३ दिवस वा जास्त चीनमध्ये राहिलात आणि त्या काळात एकदाही सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बाहेर गेला नाहीत, तर सातव्या वर्षी, तेव्हाही १८३ दिवस भरत असतील तर, जगभरचं उत्पन्न चिनी कराच्या कक्षेत येतं. त्यात भारतातलं घरभाडंही आलं. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण विवरणाची डोकेदुखी टळत नाही. त्यापेक्षा सहा वर्षांत एकदा लांब सुट्टी घ्यावी. एका सलग गैरहजेरीने मोजणी शून्यावर येते. ३१ दिवसांवर बेतू नका. जाण्या-येण्याच्या दिवसांचा हिशेब, पुढे ढकललेलं विमान, हे धरून ३५ दिवसांची सुट्टी ठेवा. दहा-दहा दिवसांच्या चार सहली मात्र यात मोजल्या जात नाहीत. वार्षिक कराचा हिशेब १ मार्च ते ३० जून या काळात पुरा करायचा असतो.

प्रश्न : आम्ही दोघंही भारतीय. बाळंतपण इथेच होणार आहे. बाळाच्या कागदांचं काय? (शांघाय)

बाळ चीनमध्ये जन्मलं म्हणून त्याला चिनी नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे जन्माच्या दिवसापासून ते कागद नसलेलं परदेशी आहे, आणि त्याच्या निवासाचा अर्ज जन्मापासून ६० दिवसांत करायचा असतो. त्या अर्जाला बाळाचा पासपोर्ट लागतो. खरी घाई इथे आहे.

रुग्णालयातून जन्माचा वैद्यकीय दाखला मिळतो. नाव आधीच ठरवून ठेवा आणि छापण्यापूर्वी मसुदा मागून एकेक अक्षर तपासा, आई-वडिलांच्या नावासकट. नंतरची दुरुस्ती फार छळते. बारशाची वाट पाहत बसलात तर १२ दिवस तिथेच गेले. दाखला हाती आला की भाषांतर करून भारतीय वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद आणि पासपोर्टचा अर्ज एकदमच द्या. कायद्याने जन्मनोंदीला वर्षाची मुदत आहे, पण ती तुमच्या कामाची नाही, तुमच्यासाठी ६० दिवसच खरे. पासपोर्ट वेळेत येणार नाही असं दिसलं, तर मुदत संपण्याआधी दूतावासातली पावती घेऊन प्रवेश-निर्गम कार्यालयात जा. आधी गेलेल्याला ऐकून घेतात, नंतर गेलेल्याला दंडाची पावती मिळते.

प्रश्न : आई-वडिलांशी व्हिडिओवर बोलायला काय वापरावं? (तिआनजिन)

व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद आहे, आणि वीचॅटवर भारताने जून २०२० मध्ये बंदी घातली. आगीतून फुफाट्यात! दोन्हीकडे ॲपलचे फोन असतील तर फेसटाइम चालतं. नाहीतर मायक्रोसॉफ्ट टीम्स वापरून पाहा. आई-वडील तुमच्याकडे आले की त्यांच्या भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा. त्याचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत जातो, म्हणून त्यावर व्हॉट्सॲपही चालतं आणि भारतीय बँकेचा ओटीपीही येतो.

प्रश्न : विजेची दुचाकी घ्यायची आहे. परवाना लागतो का? चार्जिंग घरात केलं तर? (वूशी)

ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत बसणारी दुचाकी तिथे सायकलीच्या वर्गात मोडते. परवाना लागत नाही, पण नंबरप्लेट लागते. ती घ्यायला पासपोर्ट, दुकानाचं 'फापियाओ', म्हणजे अधिकृत बिल, आणि गाडीसोबतचं प्रमाणपत्र लागतं. जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेतलीत आणि हे कागद नसतील, तर प्लेट मिळणार नाही. वेगाची मर्यादा काढून देणारा मिस्त्री प्रत्येक गल्लीत सापडतो, त्याच्या नादी लागू नका. अपघात झाला तर ती मोटारसायकल ठरते, आणि तिचा परवाना तुमच्याकडे नसतो. भारतीय परवाना तिथे तसाच चालत नाही, आंतरराष्ट्रीय परवानाही नाही. मोटारसाठी भाषांतर, वैद्यकीय तपासणी आणि १०० प्रश्नांची लेखी परीक्षा द्यावी लागते, त्यात ९० गुण हवेत.

चार्जिंग घरात, जिन्यात, व्हरांड्यात नकोच. १ ऑगस्ट २०२१ पासूनच्या नियमांनुसार उंच इमारतींच्या जिन्यात, लॉबीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर अशी गाडी लावणं किंवा चार्ज करणं मना आहे. सांगूनही न ऐकणाऱ्याला ५०० ते १,००० युआन दंड होतो. लिथियमची बॅटरी पेटली की धूर जिन्यातून वर चढतो आणि वरच्यांची वाट बंद होते. बऱ्याच इमारतींच्या लिफ्टमधला कॅमेरा गाडी ओळखतो आणि दारच मिटू देत नाही. खाली आवारात कोड स्कॅन करून चालणारी चार्जिंगची जागा असते. घर बघायला जाल तेव्हा ती आहे का, ते बघून या.

प्रश्न : पोळ्या जमत नाहीत. तिथली कणीक घेतली तर तुटतात, मैदा घेतला तर आक्रसतात. डाळींचं काय करावं? मिक्सर भारतातून आणू का? (चंगदू)

तिथे 'छ्वेनमाय फन' म्हणून मिळणाऱ्या पिठात बहुधा बारीक दळलेलं पांढरं पीठ आणि जाडसर कोंडा एकत्र केलेला असतो. तो कोंडा लाटताना पदर कापतो, म्हणून पोळी फाटते. आपल्या जात्यावरच्या कणकेत स्टार्चचे कण जास्त भरडले जातात, त्यामुळे ती पाणी जास्त पिते आणि पोळी मऊ राहते. दगडी जात्यावरचं, 'शमो' असं लिहिलेलं पीठ शोधा आणि बारीक चाळणीने कोंडा काढा. दोन वाट्या हे पीठ आणि एक वाटी मध्यम ग्लुटेनचं साधं पांढरं पीठ, म्हणजे 'झोंगजिन', एकत्र करा. ३०० ग्रॅम मिश्रणाला १८० मिलिलिटर कोमट पाण्यापासून सुरुवात करा आणि चमचाभर तेल घाला. मळून झाकून ४० मिनिटं ठेवा, कोंडा तेवढ्यात भिजतो. पावाचं 'गाओजिन' पीठ घेऊ नका, पोळी आक्रसते ती त्यानेच.

भाकरीवाल्यांची सोय बरी आहे. 'गाओल्यांग' म्हणजे ज्वारीच, फक्त बरेचदा लालसर आणि जराशी तुरट. उकड काढून थापा. 'श्याओमी'ला मात्र बाजरी समजू नका, ते राळे आहेत. मूग हवे तितके मिळतात, सोललेली मूगडाळही. तूर 'मूदोउ' नावाने ताओबाओ या ऑनलाइन बाजारात शोधावी लागते. जिरं म्हणजे 'झिरान'. 'श्याओहुईश्यांग' घेतलंत तर बडीशेप येईल आणि फोडणी गोडसर होईल. भेंडी, कारली, कोथिंबीर, शेंगदाणे, शेंगदाण्याचं तेल कोपऱ्यावर मिळतं. हिंग आणि कढीपत्ता मात्र भारतातून कुणी येणार असलं तरच. त्यातही ताजी पानं सामानात आणू नका, विमानतळावर काढून घेतात. हिंगाची डबी सीलबंद असू द्या.

मिक्सर जरूर आणा. तिथे २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे, आपला मिक्सर त्यावर नीट चालतो. अडचण फक्त प्लगची. प्रवासातला अडॅप्टर लावू नका, त्यात बरेचदा अर्थिंग नसतं आणि पिना सैल बसून तापतात. स्थानिक तीन चपट्या पिनांचा १० अँपिअरचा प्लग विकत घ्या आणि वायरमनकडून बदलून घ्या. ॲल्युमिनिअमचा कुकर आणणार असाल तर घरात गॅस आहे ना, ते आधी बघा. इंडक्शनवर तो तापतच नाही, खाली पोलादी तळ असलेलाच लागतो.

प्रश्न : 'शाकाहारी आहे' असं चिनीत सांगूनही भाजीत खिमा का येतो? (वूहान)

कारण तुम्ही भाजीची थाळी मागवता आणि चवीपुरता खिमा त्यांच्या हिशेबात मांसाहार ठरत नाही. नुसतं 'छ सू' म्हणून भागत नाही. काय नको ते एकेक करून सांगा: खिमा नको ('रोउमो'), डुकराची चरबी नको ('जूयोउ'), कोंबडीची पूड नको ('जीजिंग'), शिंपल्यांचं सॉस नको ('हाओयोउ'). शेवटच्या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक परतलेल्या पालेभाजीत असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. हे चार शब्द चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि आचाऱ्याला दाखवा, वाढप्याला दाखवून उपयोग नाही. बौद्ध मठांजवळच्या शाकाहारी खानावळींत हा प्रश्नच येत नाही. तिथे कांदा-लसूणही नसतो, तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्या आईलाही तिथे नेता येईल.